दिव्यामागची बाई : फ्लॉरेन्स नाइटिंगेल



१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. परिचारिका म्हणजे आपली दवाखान्यातली नर्सबाई. ज्या बाईच्या जन्मदिवसावरून हा दिवस ठरला, तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. पुस्तकात तिचे चित्र असते. हातात दिवा, डोक्यावर पांढरी टोपी आणि आजूबाजूला खाटांवर पडलेले जखमी शिपाई. ते चित्र पाहून वाटते, ही बाई कधी दमतच नसेल, हिला कधी रडू येत नसेल. पण तसे नव्हते, बरं का! ती दमली, आजारी पडली, मनाने खचलीसुद्धा. तरी तिने काम सोडले नाही. आणि पुढच्या नर्सबायांना आपल्यासारखे हाल सोसावे लागू नयेत म्हणून तिने पुष्कळ धडपड केली. म्हणून तिची गोष्ट आपण सर्वांनी वाचली पाहिजे.

जन्म आणि बालपण

फ्लॉरेन्सचा जन्म दि. १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स या शहरी झाला. गावाचेच नाव मुलीला ठेवले. आई-वडील इंग्रज होते व फार श्रीमंत होते. इंग्लंडात त्यांचे दोन मोठे वाडे होते. घरात नोकरचाकर, घोडागाडी, कशाची म्हणून वाण नव्हती. तिला पार्थेनोपी नावाची एक थोरली बहीण होती.

त्या काळी इंग्लंडातही मुलींना फारसे शिकवत नसत. पण फ्लॉरेन्सच्या वडिलांनी दोघी मुलींना स्वतः घरी बसवून शिकविले. ग्रीक, लॅटिन, इतिहास असे विषय असत. फ्लॉरेन्सला गणिताची फार गोडी लागली. आकडे मांडणे, याद्या करणे, तक्ते बनविणे तिला मनापासून आवडे. हे गणित पुढे हजारो माणसांचे प्राण वाचवायला उपयोगी पडणार होते.

ती सोळा वर्षांची असताना, ७ फेब्रुवारी १८३७ या दिवशी, तिला वाटले की देव आपल्याला काहीतरी सेवेचे काम सांगतो आहे. कोणते काम ते तिला लगेच कळले नाही. पुढे आजारी माणसांची शुश्रूषा करताना तिला उमगले की आपले काम हेच.

घरातला विरोध

मला नर्स व्हायचे आहे असे तिने घरी सांगितले आणि झालं! आई रागावली, बहीण रडू लागली. त्या काळची इस्पितळे फार घाणेरडी असत. तिथे काम करणाऱ्या बाया बहुधा अशिक्षित असत, आणि त्या दारू पितात असा लोकांचा समज होता. बड्या घरच्या मुलीने असल्या ठिकाणी जायचे म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असे घरच्यांना वाटले.

अशी बरीच वर्षे गेली. दिवसभर पाहुण्यांशी गप्पा, संध्याकाळी मेजवान्या, आणि मनात मात्र घुसमट. लग्नाची चांगली स्थळे आली, ती तिने नाकारली. पहाटे लवकर उठून ती दिव्याच्या उजेडात इस्पितळांचे अहवाल वाची व टिपणे काढी. त्या वर्षांत ती फार उदास असे. आपल्या खासगी वहीत तिने आपले दुःख लिहून ठेवले आहे. मनातले कागदावर उतरवायची ही सवय तिला जन्मभर उपयोगी पडली.

या काळातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. १८५० साली ती ग्रीस देशात अथेन्सला गेली होती. तिथे काही पोरे घुबडाच्या एका पिलाला छळत होती. फ्लॉरेन्सने ते पिलू सोडविले, त्याचे नाव अथीना ठेवले आणि त्याला पाळले. ती त्याला खिशात घालून फिरत असे. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानतात, पण तिचा त्या पाखरावर भारी जीव जडला होता.

त्याच वर्षी ती जर्मनीत कायझर्सवर्थ येथे गेली. तिथे आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींची संस्था होती. पुढच्या वर्षी, म्हणजे १८५१ साली, ती तिथे तीन महिने राहून शुश्रूषा शिकली. पहाटे उठायचे, साधे जेवण जेवायचे, दिवसभर राबायचे. वाड्यात सुख असून तिला आनंद नव्हता, तो तिला तिथे मिळाला. मग १८५३ साली ती लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाची प्रमुख झाली. १८५४ साली लंडनला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, तेव्हाही ती रोग्यांच्या मदतीला धावली.

युद्धाची बातमी

रशिया आणि तुर्कस्तान यांचे १८५३ साली युद्ध सुरू झाले. १८५४ साली इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने त्यात उतरले. पुष्कळशी लढाई काळ्या समुद्रातल्या क्रिमिया या भागात झाली, म्हणून त्याला क्रिमियन युद्ध म्हणतात. जखमी आणि आजारी इंग्रज शिपायांना जहाजात घालून समुद्रापलीकडे स्कुटारी येथे आणीत. स्कुटारी म्हणजे आजचे उस्कुदार. तो इस्तंबूल शहराचा आशिया खंडातला भाग आहे. तिथे तुर्की सैन्याची एक प्रचंड बराक होती, तीच इस्पितळ म्हणून वापरात घेतली होती.

तिथे शिपायांचे किती हाल होत आहेत, ते लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्रात छापून आले. वाचून लोक खवळले. सिडनी हर्बर्ट हे तेव्हा सरकारात सैन्याच्या कारभाराचे मंत्री होते. ते फ्लॉरेन्सच्या ओळखीचे होते. त्यांनी तिला नर्सेस घेऊन जाण्याची विनंती केली. आता घरच्यांचाही विरोध मावळला.

निघायच्या धावपळीत पाळलेल्या घुबडाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही आणि ते मेले. युद्धावर निघालेल्या या खंबीर बाईला त्या आठवड्यात घरच्यांनी एकदाच रडताना पाहिले, ते या पाखरासाठी.

दि. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ स्त्रिया बरोबर घेऊन ती निघाली. त्यांतल्या २४ जणी मठांतल्या किंवा धार्मिक संस्थांतल्या भगिनी होत्या व १४ जणी इस्पितळांत काम केलेल्या बाया होत्या. ४ नोव्हेंबरला सर्व जणी स्कुटारीला पोचल्या.

स्कुटारीचे इस्पितळ

इमारत लांबून मोठी देखणी दिसे. आत मात्र नरक होता. लांबच लांब ओसऱ्यांतून शिपाई ओळीने निजलेले. खाटा पुरत नव्हत्या म्हणून कित्येक जण जमिनीवरच होते. अंगावर रक्ताने आणि चिखलाने माखलेले कपडे. उवा, पिसवा, उंदीर यांचा सुळसुळाट. इमारतीखालची गटारे तुंबलेली. हगवण, पटकी आणि तापाने माणसे पटापट मरत होती. भांडी नाहीत, टॉवेल नाहीत, साबण नाही. पाणी मोजून मिळे.

एवढे असून तिथल्या डॉक्टरांना या बायका नको होत्या. सैन्याच्या कामात बायकांचे काय काम, असे त्यांना वाटे. आता फ्लॉरेन्सने काय केले असेल? ती भांडत बसली नाही. डॉक्टर बोलावीपर्यंत कोणीही रोग्याला हात लावायचा नाही, असे तिने आपल्या बायांना बजावले. समोर माणसे कण्हत आहेत आणि आपण बसून चादरी-पट्ट्या शिवायच्या, हे बायांना किती जड गेले असेल! पण पाचच दिवसांत इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊ लागले, खाटांची आणि हातांची वाण पडली, आणि डॉक्टरांनी आपण होऊन बायांना बोलावले.

मग कामाला सुरुवात झाली. वर्तमानपत्राने लोकांकडून जमविलेला निधी होता आणि तिच्याकडे स्वतःचेही पैसे होते. त्यातून तिने झाडू, ब्रश, साबण, कपडे, ताटल्या, चमचे विकत घेतले. जवळच एक घर भाड्याने घेऊन तिथे पाणी तापवायची मोठी भांडी बसविली आणि शिपायांच्या बायकांना मजुरी देऊन कपडे धुण्याचे काम दिले. आजाऱ्यांसाठी पातळ, पचायला हलके अन्न शिजवायला वेगळे स्वयंपाकघर काढले.

रात्री आठनंतर वॉर्डात दुसऱ्या कोणा बाईने जायचे नाही असा तिचा नियम होता. ती एकटी हातात तुर्की कंदील घेऊन फेरी मारी. कोणाला पाणी दे, कोणाची उशी नीट कर, कोणाचे घरचे पत्र लिहून घे. तिच्या या फेरीचे चित्र इंग्लंडातल्या वर्तमानपत्रात छापले गेले आणि तिचे नाव दीपधारिणी पडले.

टोपीचे भांडण

आता चित्रात न दिसणारी बाजू ऐका. बरोबर आलेल्या ३८ जणी साध्यासुध्या बाया होत्या. त्यांना पाच-सहा लहान खोल्यांत दाटीवाटीने राहावे लागे. थंडी, उंदीर, अपुरे अन्न. दिवसभर मरणारी माणसे पाहायची आणि रात्री त्याच घाणीत झोपायचे. अशा वेळी माणसाचे मन कसे होते? साध्या गोष्टींवरून भडका उडतो. एका बाईने तर मला दिलेली टोपी शोभत नाही, आधी माहीत असते तर आलेच नसते, अशी तक्रार केली. वाचून आपल्याला हसू येते. पण खरोखर ते भांडण टोपीचे होते का? माणूस फार थकला की टोपीसुद्धा डोंगराएवढी वाटते. आपल्या घरीसुद्धा सुगीच्या दिवसांत दमलेली माणसे मिठावरून भांडतात, तसेच ते.

काही बाया दारू पिऊ लागल्या, त्यांना परत पाठवावे लागले. कोणाचे धर्मपंथावरून खटके उडाले. काही आजारी पडल्या आणि काहींना तिथेच मरण आले. डिसेंबरमध्ये इंग्लंडातून आणखी चाळीसच्या वर बाया न विचारता पाठविल्या गेल्या, तेव्हा तर फ्लॉरेन्सचाही तोल गेला. एवढ्या जणींना ठेवायचे कुठे, शिस्त कशी लावायची, या काळजीने तिने मंत्र्यांना रागाची पत्रे लिहिली. ती काही देवी नव्हती. ती शिस्तीची कडक होती, कधी कधी फार कठोर बोले.

मग एवढ्या ताणात ती टिकली कशी? तिच्या चरित्रातून काही गोष्टी ध्यानात येतात. सगळे दुःख एकदम डोक्यावर न घेता ती आज करता येईल असे एक काम शोधी. आज साबण आणायचा, उद्या चुली बांधायच्या. दुसरे, ती लिहीत असे. घरी, मंत्र्यांना, मेलेल्या शिपायांच्या आयांना ती रात्री बसून पत्रे लिही. तिसरे, ती अगदी एकटी नव्हती. ब्रेसब्रिज नावाचे एक दांपत्य तिच्या सोबतीला आले होते, आणि पुढे १८५५ साली तिची मायाळू आत्या, माई, इंग्लंडहून तिच्याजवळ येऊन राहिली. आपल्या माणसाने जवळ बसून नुसती विचारपूस केली तरी केवढा आधार वाटतो!

चाळिसांवरून दोनावर

इतकी सेवा करूनही पहिल्या हिवाळ्यात मरणे थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचाराला आलेल्या शंभर शिपायांमागे सुमारे ४२ मरत होते. सेवा करणाऱ्याच्या जिवाला सर्वांत जास्त काय लागते? आपण जिवाचे रान करतो आणि तरी रोगी वाचत नाही, हेच लागते.

मार्च १८५५ मध्ये इंग्रज सरकारने स्वच्छतेची पाहणी करणारे एक पथक तिथे पाठविले. त्यात सदरलँड नावाचे डॉक्टर आणि रॉलिन्सन नावाचे इंजिनियर होते. त्यांनी गटारे उपसली, गाड्या भरभरून घाण बाहेर काढली, मेलेली जनावरे पुरली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. पाणी ज्या वाटेने येई तिथे एक मेलेला घोडा सापडला! त्यानंतर मरणाचे प्रमाण भराभर उतरले. जूनमध्ये ते शंभरामागे सुमारे दोनवर आले. गटार साफ झाल्यावर नर्सच्या सेवेला यश येऊ लागले.

स्वतः खाटेला खिळली

मे १८५५ मध्ये ती क्रिमियातल्या बालाक्लाव्हा गावी तिथली इस्पितळे पाहायला गेली आणि तिथेच तापाने आजारी पडली. तिचे केस कापावे लागले. काही दिवस ती जगते की मरते असे झाले. इंग्लंडात लोकांनी तिच्यासाठी प्रार्थना केल्या. ताप उतरल्यावर घरी जा म्हणून सगळ्यांनी सांगितले, पण ती पुन्हा कामावर हजर झाली.

हा कोणता ताप होता? आजच्या काळातल्या काही डॉक्टरांचे मत असे की तो ब्रुसेलोसिस असावा. हा रोग शेळ्यामेंढ्या व गाईगुरांपासून, न तापविलेल्या दुधातून माणसाला होतो. तो पुन्हा पुन्हा उलटतो. ताप, सांधेदुखी, अशक्तपणा आणि मनाची उदासी, असे त्याचे लक्षण. (म्हणून दूध नेहमी उकळूनच प्यावे.)

युद्ध १८५६ मध्ये संपले. तिचे स्वागत करायला इंग्लंडात बँड, मिरवणुका, कमानी यांची तयारी चालली होती. तिला ते नको होते. ती दुसऱ्याच नावाने प्रवास करून आली आणि ऑगस्ट महिन्यात एके दिवशी स्टेशनवरून पायी चालत एकटीच घरी पोचली.

घरी आली, पण बरी झाली नाही. जेवण जाईना, रात्री झोप येईना, छातीत धडधड होई. मेलेले शिपाई तिच्या मनातून जात नव्हते. आपण जिवंत आहोत तोवर त्यांच्यासाठी झगडू, असे तिने खासगी टिपणात लिहून ठेवले. ऑगस्ट १८५७ मध्ये तर ती पार कोसळली. त्यानंतर कित्येक वर्षे ती खाटेवरच होती. घरातल्या माणसांची गर्दीही तिला सोसत नसे. काही अभ्यासकांना वाटते की तापाबरोबर हा युद्धाचा मनावरचा घावही होता. लोकांच्या चित्रात ती दिवा घेऊन उभीच होती. प्रत्यक्षात ती अंथरुणावर पडून होती. तेव्हा तिचे वय होते अवघे ३७ वर्षांचे.

अंथरुणावरून लढाई

अंगात चालायचे बळ नव्हते, पण लेखणी हातात होती. आणि लहानपणचे गणित होतेच! विल्यम फार नावाच्या आकडेशास्त्राच्या जाणकाराच्या मदतीने तिने युद्धातल्या मृत्यूंची मोजदाद केली. जखमांनी मेले त्यांच्यापेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी मेले ते कितीतरी पट जास्त होते. ज्या इस्पितळात तिने जीव तोडून सेवा केली, त्याच इस्पितळाच्या घाणीने माणसे मारली होती. हे कळल्यावर तिला काय वाटले असेल! पण तिने ते झाकले नाही. तिने फुलाच्या पाकळ्यांसारखी आकृती काढली. टाळता येणाऱ्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल रंगात, इतर कारणांचे काळ्या रंगात. कोणीही पाहावे आणि त्याला कळावे. सरकारलाही ऐकावे लागले. सैन्याच्या बराकी आणि इस्पितळे सुधारू लागली. १८५८ साली लंडनच्या आकडेशास्त्राच्या सभेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

या कामात सिडनी हर्बर्ट तिचे मोठे साथीदार होते. तेही आजारी होते, पण ती त्यांच्यामागे कामाचा तगादा लावी. १८६१ साली ते वारले. तिला अतिशय दुःख झाले. दुसऱ्याचा थकवा ओळखणे किती कठीण असते पाहा! स्वतः एवढी सोसलेली बाई, तिलाही आपल्या मित्राचा थकवा वेळेवर ओळखता आला नाही.

नर्ससाठी वेगळी खोली

लोकांनी तिच्या सन्मानासाठी मोठा निधी गोळा केला होता. तिने दागिना घेतला नाही की घर बांधले नाही. त्या पैशांतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नर्सेससाठी शाळा काढली. पहिल्या तुकडीत १५ मुली होत्या. शिक्षण एक वर्षाचे.

या शाळेची व्यवस्था मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक मुलीला झोपायला स्वतंत्र खोली. सगळ्यांना मिळून बसायला, वाचायला एक दालन. जेवण, कपडे, धुलाई फुकट, शिवाय वर्षाला दहा पौंड हातखर्चाला. स्कुटारीची ती दाटीवाटी आणि टोपीवरची ती भांडणे आठवा, म्हणजे या खोलीचे मोल कळेल. जिला रात्री शांत झोप मिळते, पोटभर जेवण मिळते, तीच दुसऱ्या दिवशी रोग्याशी हसून बोलू शकते.

१८७२ पासून ती या नर्सेसना पत्रे लिहू लागली. कोणाला चहाला बोलावी, कोणाची आपुलकीने चौकशी करी. शुश्रूषेवर तिने एक पुस्तकही लिहिले. त्यात तिने बजावले आहे की आपण जागेवर नसतानाही काम नीट चालेल अशी सोय लावून ठेवणे, हे शुश्रूषेचे मोठे अंग आहे. सगळा भार एकीवर टाकला तर तीही मोडते आणि कामही मोडते.

तिची एक शिष्या होती, अ‍ॅग्नेस जोन्स. १८६५ साली ती बारा नर्सेस घेऊन लिव्हरपूल शहरात गरिबांच्या एका मोठ्या इस्पितळात गेली. रोगी हजाराहून जास्त. अ‍ॅग्नेसने तिथला कायापालट केला, पण दिवसरात्र राबून ती थकून गेली. उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाने तिला गाठले आणि १८६८ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, ती गेली. फ्लॉरेन्सला हा मोठा धक्का होता. पण ती तिथेच थांबली नाही. गरिबांच्या इस्पितळांत शिकलेल्या नर्सेस पुरेशा असल्याच पाहिजेत, यासाठी तिने आपला आग्रह चालूच ठेवला.

आपल्या देशाशी नाते

फ्लॉरेन्स कधीही हिंदुस्थानात आली नाही. पण आपल्या देशाविषयी तिने वर्षानुवर्षे अभ्यास केला. १८५९ साली इथल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला मंडळ नेमले गेले. तिने ठिकठिकाणच्या छावण्यांना प्रश्नांचे कागद पाठवून माहिती मागविली. तेव्हा इथे हजार गोऱ्या शिपायांमागे दर वर्षी ६९ मरत. गटारे, पाणी, बराकी सुधारल्यावर १८७३ च्या सुमारास हा आकडा १८ वर आला. पुढे तिचे लक्ष सैन्यावरून खेड्यांकडे वळले. खेड्याला शुद्ध पाणी मिळावे, शेतकऱ्याला दुष्काळातून वाचवावे, यासाठी ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. लंडनच्या खोलीत अंथरुणावर बसलेली ही बाई आपल्या इकडच्या गावांतल्या विहिरींची काळजी करीत होती!

अखेरचे दिवस

म्हातारपणी तिची प्रकृती थोडी सुधारली, स्वभावही निवळला. तिला मांजरांचा फार लळा होता. तिच्या एका मांजराचे नाव तर बिस्मार्क होते. शेवटी शेवटी तिची दृष्टी गेली. १९०७ साली तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा किताब मिळाला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री होय. दि. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये झोपेतच तिला शांत मृत्यू आला. राजघराण्यातल्या व थोर माणसांना पुरत असत त्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये तिला पुरण्याची तयारी दाखविली होती. घरच्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे नको म्हटले. गावाकडच्या लहान चर्चच्या आवारात तिचे थडगे आहे. त्यावर तिच्या नावाची फक्त दोन अक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

आपण काय शिकावे?

२०२० साली तिच्या जन्माला २०० वर्षे झाली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका व सुइणी यांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. आणि त्याच वर्षी जगभर कोरोनाची साथ पसरली! नर्सबाया तासन्‌तास तो प्लॅस्टिकचा पोशाख घालून घामाने भिजत होत्या. कित्येक जणी आपल्या लेकरांना जवळ घेऊ शकत नव्हत्या. लोकांनी टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या. टाळ्या चांगल्याच. पण फ्लॉरेन्सची गोष्ट वाचल्यावर कळते की नर्सला टाळ्यांबरोबर झोपही लागते, जेवण लागते, सोबतीला दुसरी नर्स लागते आणि मन मोकळे करायला माणूस लागते.

आपण लहान आहोत, आपण काय करणार? पुष्कळ करू शकतो. दवाखान्यात गेलो तर रांगेत गुमान उभे राहू. इंजेक्शनच्या वेळी नर्सबाईंच्या अंगावर ओरडणार नाही. लसीकरणाला उन्हातून चालत आलेल्या नर्सताईंना आणि आशाताईंना आधी पाणी विचारू. गावाची गटारे आणि विहिरी स्वच्छ ठेवू, म्हणजे त्यांचे निम्मे काम हलके होईल. पालकांनाही नम्र विनंती, की आपला माणूस आजारी असताना मनाला घोर लागतो हे खरे, पण तो राग नर्सबाईंवर काढू नये. त्याही सकाळपासून उभ्या असतात.

आणि आपल्या घरात कोणी आजाऱ्याची सेवा करीत असेल, आई असो, आजी असो, ताई असो, तर तिला एकदा तरी म्हणावे, तू जरा पड, तोवर मी बसतो. फ्लॉरेन्सला आत्याबाईंनी जो आधार दिला, तो आपल्यालाही कोणाला तरी देता येईल.

थकूनही न हरलेल्या आणि थकलेल्यांची सोय लावणाऱ्या या थोर परिचारिकेला आम्हां सर्व विद्यार्थ्यांचे शतशः प्रणाम!